आदल्या दिवसाचा सराव

ढब्बूला जन्मात कुणी पळताना पाहिलं नव्हतं. शाळेची बस चालवायची, म्हणजे दिवसभर बसायचीच नोकरी. त्यात खाण्याची आवड अशी, की सकाळची आणि दुपारची फेरी यांच्या मधल्या वेळात हा गडी बेकरीतून चार बटरपाव आणून गाडीतच फस्त करायचा. बेचाळिसाव्या वर्षी वजन एकशे एक किलो. लग्नाचं राहूनच गेलं होतं. मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, दोन खोल्यांच्या घरात तो राहायचा, तिचं सगळं ऐकायचा आणि तिच्या नकळत खायचा. असा हा माणूस एका सकाळी पाच वाजता जमिनीवर पालथा पडून हातांवर अंग उचलायला लागला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येऊन विचारून गेले, की कपाट वगैरे पडलं का.

कपाट पडलं नव्हतं. ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दीड वर्ष ती आठवड्यातून तीनदा इस्पितळात जात होती. हातावरची शीर दोनदा दगा देऊन बसली म्हणून मानेजवळ नळी बसवली होती. त्या नळीतून चार तास यंत्राला जोडून घ्यायचं आणि पिळून काढल्यासारखं घरी यायचं, हा तिचा क्रम. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी चिमी लांबच्या शहरात नोकरीला. चिमीनं आपलं एक मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. ढब्बूचा जुळला.

सर्जननं ढब्बूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेवढं न्याहाळायलाही त्याला वेळ लागला.

"रक्त झकास जुळतंय," तो म्हणाला. "पण एवढ्या वजनावर मी तुमच्यावर सुरी चालवणार नाही. शहाऐंशी किलोवर या. आणि उपाशी राहून नको, स्नायू टिकवून या. मग पुढच्या तपासण्या."

घरी परतल्यावर दार उघडता उघडता ताई म्हणाली, "पंधरा किलो. सात महिने. उद्या साडेपाचला उठायचं."

"उद्या रविवार आहे, ताई."

"मग पाचला."

आता ताई कोण होती ते सांगायला हवं. एकतीस वर्षं ती मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होती. अख्ख्या शाळेत तिची एक ख्याती होती: या बाईकडून कुणाला सूट मिळत नाही. मुली घरून चिठ्ठ्या आणायच्या, पाय मुरगळलाय, पोटात दुखतंय, आज आमच्या मुलीला विश्रांती द्यावी. ताई चिठ्ठी न उलगडताच स्वेटरच्या खिशात टाकायची आणि बोटानं मैदान दाखवायची. सामन्याच्या आदल्या दिवशी तर ती दुप्पट सराव घ्यायची. मुली रडायच्या, शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी कप जिंकून आणायच्या. त्यामुळे तिचं चुकतंय असं तिला कुणी कधी म्हटलं नाही, आणि म्हणायची कुणाची छातीही नव्हती.

निवृत्तीनंतर तिला पहिल्यांदाच विद्यार्थी मिळाला होता, तोही सख्खा भाऊ. ती खुर्चीत बसायची, मांडीवर जुनं स्टॉपवॉच. पहिल्या सकाळी जमिनीवर आपटल्यावर ढब्बूनं आधी ओट्याच्या कडेला हात टेकून जोर काढले, दोन महिन्यांनी खाटेच्या कडेला, चौथ्या महिन्यात जमिनीवर. खुर्चीवर टेकल्यासारखं करून उठायचं, असं चाळीस वेळा. पाठीला शाळेचं दप्तर, आत जुन्या जाडजूड वह्या. दोन्ही हातांत पाच-पाच लिटर पाण्याचे कॅन घेऊन वर-खाली. आणि सगळ्यात शेवटी कोपरांवर अंग तोलून फळीसारखं सरळ राहायचं, ते ताई थांब म्हणेपर्यंत. ताई लवकर म्हणायची नाही.

तिला स्वतःला दिवसाला एक लिटरच्या वर पाणी प्यायची बंदी होती. घशाला कोरड पडली की ती बर्फाचा एक खडा चोखायची. आणि समोर भाऊ दहा लिटर पाणी हातांत नाचवतोय. ढब्बूला ते बघवेना.

"ताई, मी यात वाळू भरून आणू का?"

"कशाला?"

"असंच."

"वाळू आणायला बाहेर जाशील. वाटेत बेकरी आहे. पाणीच राहू दे."

खाण्याचं वेळापत्रक तिनं खडूनं कपाटाच्या दारावर लिहिलं होतं. इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंनी ढब्बूला रोज शंभर ग्रॅम प्रथिनं सांगितली होती, तीही पोट न वाढवता. सकाळी तीन उकडलेली अंडी, दुपारी वाटीभर उकडलेली मसूर आणि दही, चारला मूठभर भाजलेले चणे, संध्याकाळी मिरपूड लावून वाफवलेलं दीडशे ग्रॅम चिकन. पाव बंद. बटर बंद. पहिल्या महिन्यात ढब्बू बेकरीवरून बस नेताना काच लावून घ्यायचा, वासानं जीव कासावीस व्हायचा म्हणून.

बाईंनी ताईलाही प्रथिनं सांगितली होती. डायलिसिसमध्ये ती वाहून जातात, रोज अंड्याचं पांढरं खाच, असं बजावलं होतं. पण ताईच्या जिभेवर सगळ्याला गंजक्या पत्र्याची चव यायची. दोन घास चघळून ती आपल्या बशीतलं पांढरं हळूच ढब्बूच्या बशीत सरकवायची.

"ताई, हे तुझं आहे."

"तुझ्यात गेलं काय नि माझ्यात गेलं काय. शेवटी माझ्याकडेच यायचंय ना?"

तो हसायचा आणि खायचा.

बसच्या आवारात एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. त्यानं ढब्बूला पावडरचा मोठा डबा दाखवला. दुधात दोन चमचे घे, महिन्यात दंड असे होतील की शर्ट शिवायला लागतील. ढब्बूनं घरी येऊन ताईला विचारलं. "डब्यातली ताकद माझ्या घरात नको," ताई म्हणाली, आणि विषय संपला. इथेच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे यावरून फार मोठा घोळ व्हायचाय: ढब्बूनं त्या डब्याला बोटसुद्धा लावलं नाही.

सातव्या महिन्यात काटा पंच्याऐंशी किलो आठशे ग्रॅमवर थांबला. ढब्बू तीनदा खाली उतरला, तीनदा वर चढला. ताई खुर्चीतून उठून स्वतः वाकून बघायला आली. पँट दोरीनं बांधायची वेळ आली होती. बसमधली पोरं म्हणायला लागली, काका, तुम्ही तेच का? त्याचे खांदे भरले होते, पोट आत गेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं शरीर कुणाच्या तरी कामाला येणार, याचा त्याला अभिमान वाटायला लागला होता. इस्पितळानं सोमवारची तारीख दिली. रक्त आणि लघवी तपासायची, अहवाल चांगला आला की अवयवदानाला परवानगी देणाऱ्या महिनाअखेरच्या समितीपुढे नाव, आणि त्यानंतरच्या मंगळवारी शस्त्रक्रिया. चिमीनं रजा टाकून ठेवली.

रविवारी ताईनं त्याला सकाळी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा उभं केलं.

"आज एवढं, ताई?"

"उद्या तुला तपासणार आहेत. त्यांना दिसायला नको का, कुणाला तपासतोय ते?"

संध्याकाळी तर तिनं कमाल केली. पाच फेऱ्यांच्या दहा केल्या. जोर, बैठका, कॅन, दप्तर, पुन्हा जोर. शेवटच्या फेरीला त्याचे हात लटपटायला लागले, फरशीवर घामाचं थारोळं झालं. "आणखी पाच," ताई म्हणाली, आणि त्यानं पाच काढले. मग तिनं त्याच्यापुढे अर्धा किलो चिकन, सहा अंडी आणि आपल्या वाटणीचं पांढरं ठेवलं. तो संपवत असताना ती त्याच्याकडे बघत होती, आपल्या मुली मैदानात उतरताना बघायची तसं. इतकी खूश ती दोन वर्षांत दिसली नव्हती.

बुधवारी इस्पितळातून ढब्बूला एकट्याला बोलावणं आलं. अवयवदानाचं काम बघणाऱ्या बाई टेबलावर अहवाल पसरून बसल्या होत्या.

"रक्तात क्रिएटिनिन जास्त आलंय, म्हणजे मूत्रपिंडावर ताण दिसतोय," त्या म्हणाल्या. "लघवीतही प्रथिनं गेलीत. या आकड्यांवर समिती तुमचं नाव पुढे जाऊ देणार नाही. एक विचारते, आदल्या दिवशी काही केलं होतंत? जोराचा व्यायाम? मांस जास्त खाल्लं?"

ढब्बूनं मान डोलावली. आपण चांगलंच केलं या समजुतीत त्यानं सगळं सांगूनही टाकलं. दहा फेऱ्या, अर्धा किलो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, त्यानंच वाढतं हे. म्हणून तर मी गुरुवारी फोन केला होता. तुमच्या बहिणीशीच बोलले. तीन दिवस पूर्ण विश्रांती, मांसाहार बंद. दोनदा सांगितलं. त्यांनी तुम्हाला निरोप दिला नाही?"

गुरुवारी तो बसवर होता. ताईनं फोन घेतला असणार, पलीकडून विश्रांती हा शब्द ऐकला असणार, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं तो निरोप स्वेटरच्या खिशात टाकला असणार. त्यात आपण काही लपवतोय असंही तिला वाटलं नसेल. लेचेपेचे लोक सांगतातच, आपण ऐकायचं नसतं.

"दिला होता," ढब्बू म्हणाला. "तिनं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला खुर्चीत लहान झाल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांनी परत तपासू, त्या म्हणाल्या. मूत्रपिंड चांगलंच असेल बहुतेक. पण या महिन्याची समिती गेली. आता पुढच्या महिन्याची.

तो चालतच घरी निघाला. वाटेत त्यानं ठरवलं, की अहवाल नीट आला नाही एवढंच सांगायचं, कारण सांगायचंच नाही. पण दार उघडलं तर ताई उभी होती. बसलेली नव्हती, उभी होती, भिंतीला हात टेकून.

"काय म्हणाले?"

"पुढच्या महिन्यावर गेलं, ताई. रक्तात काहीतरी जास्त आलंय."

ताईनं विचारलं, "विश्रांतीबद्दल काही म्हणाल्या का त्या?"

आवाज इतका बारीक, की तो ताईचा आहे हे ढब्बूला पटेना. बेचाळीस वर्षांत त्यानं तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आजार कळला तेव्हाही नाही, मानेत नळी घातली तेव्हाही नाही. आता ती घाबरली होती, आणि तिला कशाची भीती वाटतेय ते त्याला ठाऊक होतं.

"विश्रांती? छे," तो म्हणाला. "व्यायामानं काही होत नाही म्हणाल्या. पावडरीनं झालंय."

"कसल्या पावडरीनं?"

"त्या पैलवानाच्या. मी घेत होतो, ताई. तुला न सांगता."

ताईच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. भिंतीवरचा हात सुटला, ती त्याच्याजवळ आली आणि तिनं त्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. "गाढवा! मी तुला बजावलं होतं ना? बजावलं होतं की नाही? सात महिने तुझ्यामागे ऊर फोडला, आणि तू पावडर ढोसत होतास? तुला दंड पाहिजेत? दंड?" ती बोलतच सुटली. खालचे शेजारी पुन्हा वर आले आणि दारातूनच परत गेले. ढब्बू खाली मान घालून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ताईला वाटलं ते पश्चात्तापाचं आहे. खरं तर ती पुन्हा ताई झाली, याचंच त्याला रडू येत होतं.

तासाभरानं तिनं चिमीला फोन लावला. "तुझ्या मामाचे प्रताप ऐक," इथून सुरुवात झाली. आतल्या खोलीत बसून ढब्बूनं सगळं ऐकलं. शेवटी ताई म्हणाली, "जाऊ दे. एक महिन्याचा तर प्रश्न आहे. या वेळी मी त्याला एक क्षण नजरेआड करणार नाही." आणि फोन ठेवल्यावर तिनं बसल्या बसल्या हुकूम सोडला, की आजपासून व्यायाम निम्मा, चिकन बंद, आणि तपासणीआधी तीन दिवस ढब्बूनं खाटेवरून उतरायचंही नाही. अशी विश्रांती तिनं आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

मूळच्या तारखेचा मंगळवार साधाच गेला. त्याच्या नवव्या दिवशी डायलिसिस चालू असताना ताईला थंडी वाजून आली. दात एकमेकांवर आपटत होते, तीन पांघरुणं घातली तरी थांबेना. मानेतल्या नळीतून जंतू रक्तात शिरले होते. तिला अतिदक्षता विभागात हलवलं. चिमी आली. ढब्बू रात्रंदिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिला. दुसऱ्या तपासणीचा अहवाल त्याला तिथेच मिळाला. सर्जन स्वतः थांबून म्हणाला, "तुमचं मूत्रपिंड पंचविशीतल्या पोराला लाजवील असं आहे," आणि अतिदक्षता विभागाच्या दाराकडे एकदा बघून निघून गेला.

ताई आठ दिवसांनी गेली.

नळी जंतू कधीही धरते, असं त्याला एका नर्सनं सांगितलं. दोष कुणाचाच नसतो. पण ढब्बूला आकडेमोड येत होती. ती तारीख चुकली नसती, तर थंडी वाजायच्या नऊ दिवस आधी त्याचं मूत्रपिंड ताईच्या पोटात असतं. हे त्याला माहीत होतं, आणि चिमीलाही माहीत होतं.

पुढे महिनाभर तो पाचला उठत राहिला. झोप लागायचीच नाही. मग दुसरं काही सुचत नाही म्हणून जोर काढायचा, मोजायला कुणी नसल्यामुळे हात थकेपर्यंत. अंडी उकडायचा, तीन. वजन वाढलं नाही, उलट किलोभर कमीच झालं. आरशात दिसणारा काटक माणूस त्याला परका वाटायचा आणि त्याची चीडही यायची.

महिन्यानं एका शनिवारी सकाळी चिमी टेम्पो घेऊन आईचं सामान न्यायला आली. आल्यापासून ती कामापुरतंच बोलत होती. साड्या, कागदपत्रं, आणि दोन लोखंडी ट्रंका, ताईच्या मुलींनी जिंकलेल्या कपांनी आणि ढालींनी गच्च भरलेल्या. ट्रंकेला कुलूप लावता लावता तिनं वर न बघता विचारलं, "मामा, किती दिवस घेत होतास?"

याचं उत्तर ढब्बूनं तयार ठेवलं नव्हतं. ताईनं कधी विचारलंच नव्हतं.

"महिनाभर," तो म्हणाला.

"आई तर दिवसभर तुझ्यावर डोळा ठेवून असायची. तिला कळलं कसं नाही?"

"बसमध्ये ठेवायचो. सीटखाली."

"वजन तर उतरतच होतं ना तुझं? मग कशाला?"

खोलीत कपाटाचं दार उघडं होतं, त्यावर ताईचं खडूतलं अक्षर अजून होतं. एक वाक्य बोललं असतं तर संपलं असतं. चिमी, तुझ्या आईला फोन आला होता. एवढंच. पोरगी रडली असती, कदाचित मामाच्या गळ्यातही पडली असती. तिच्याशिवाय त्याला जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. पण मग आयुष्यभर आईची आठवण आली की तिला तो फोनही आठवला असता. ढब्बूनं कपाटाचं दार लोटून घेतलं.

"दंड दिसावेत असं वाटायला लागलं होतं," तो म्हणाला.

"दंड," चिमी म्हणाली. ती हसली, आणि ते हसणं रडण्यापेक्षा वाईट होतं. "आईला आणखी जगायचं होतं, मामा. तुला दंड हवे होते."

"हो."

"मी आता येणार नाही इकडे. फोनही करू नकोस."

"बरं."

टेम्पोवाला ट्रंकेला हात लावून बघत होता. "ही दोघांनाही जड जाईल मॅडम, आणखी एक माणूस बघतो," तो चिमीला म्हणाला. ढब्बू खाली वाकला, एक ट्रंक उचलून खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागला. चार मजले तो कुठेही न टेकता उतरला. ट्रंक टेम्पोत ठेवली, परत वर गेला आणि दुसरीही तशीच आणली. चिमी तोवर पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

टेम्पोवाला थक्क झाला होता. मागची फळी बंद करता करता त्यानं ढब्बूच्या खांद्यावर थाप मारली. "काय तब्येत कमावलीय, मालक! जिमला जाता का?"

"नाही. घरीच."

"घरच्या घरी एवढं? पावडर-बिवडर घेता की काय?"

चिमी टेम्पोच्या बाजूच्या आरशातून बघत होती. ढब्बूला तिचे डोळे दिसत होते, हुबेहूब ताईचे.

"घ्यायचो," तो म्हणाला.

चिमीनं काच वर केली.